नवीन फिश टँक : मासे आणि कोळंबी सोडण्याआधी पाणी किती दिवस 'तयार' करायचं?

ओवी_
नमस्कार मंडळी. लेकाच्या नवव्या वाढदिवसाला २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच अशी काचेची टाकी घेतली आहे. दुकानदार म्हणाले, "रात्रभर पंप चालू ठेवा, हे निळं औषध दहा थेंब टाका, मूठभर खडेमीठ घाला आणि उद्या संध्याकाळी मासे घेऊन जा." टाकी भरून पंप चालू केला आहे. औषध आणि मीठ अजून घातलेलं नाही, कारण मन मानत नाहीये.

माझ्या लहानपणी आमच्याकडे काचेच्या बरणीत गोल्डफिश होते. तीनदा आणले, तीनदा गेले. प्रत्येक वेळी मी आणि भावाने गुलबक्षीच्या झाडाखाली पुरले. कोणीच सांगू शकलं नाही की का मेले. लेकाच्या वाट्याला ते येऊ नये असं फार वाटतं.

पाणी पुण्याच्या नळाचं, खडकवासला धरणाचं. लेकाला मासे हवेतच, पण व्हिडिओ पाहून त्या इवल्या लाल कोळंब्यांचंही वेड लागलं आहे. एक दिवस खरंच पुरतो का? नसेल तर किती थांबायचं, आणि तेवढ्या दिवसांत नेमकं करायचं काय?

काठावरचा
ओवी, मासे आणू नका. औषध आणि मीठही नको. रात्री सविस्तर लिहितो.

खमंग
आमच्या मालवणात लाल कोळंबी घरात आली की आधी वाटप होतं, टाकी नाही! वाचतोय, धागा छान आहे.

मृगनक्षत्र
वाचते आहे. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे.

काठावरचा
जेवण झालं, आता लिहितो.

मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून, उरलेल्या खाण्यातून, सडक्या पानातून अमोनिया तयार होतो. नदीत तो वाहून जातो. तुमच्या टाकीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं, वाळू घातली की ५० च धरा. तिथे अमोनिया जाणार कुठे? माशाचे कल्ले जळतात. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ दिसत असतं, म्हणून कोणाला कळत नाही. तुमचे गोल्डफिश बहुतेक यानेच गेले. चूक तुम्हा मुलांची होती, हे आधी मनातून काढून टाका; ती नव्हती.

निसर्गात यावर उपाय आहे. एका जातीचे जिवाणू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सुसह्य असतं, झाडं ते खातात आणि उरलेलं पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, स्पंजवर, वाळूवर, काचेवर चिकटून वाढतात आणि फार सावकाश वाढतात. दोन्ही वस्त्या उभ्या राहायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. 'पाणी तयार होणं' म्हणजे खरं तर फिल्टर तयार होणं. नुसतं पाणी महिनाभर फिरवत ठेवलं आणि जिवाणूंना खायलाच दिलं नाही, तर महिन्याने तुम्ही आज आहात तिथेच असाल.

म्हणून मासा न घालता अमोनिया घालायचा. ५० लिटरला ०.३ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड टाकलं की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरला २ मिलिग्रॅम) आसपास येतो. थेंबांचं टेस्ट किट घ्या, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएचचं (पाणी किती आम्ल ते). मासे घ्यायचे पैसे आधी त्यात घाला. ज्या दिवशी २ पीपीएम घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य होईल आणि नायट्राइटही शून्य येईल, त्या दिवशी टाकी तयार.

निळ्या औषधाबद्दल : ते बहुधा मिथिलिन ब्लू असतं. आजारी माशासाठी, वेगळ्या भांड्यात, त्याचा उपयोग आहे. पण ते याच जिवाणूंच्या मुळावर येतं. नव्या टाकीत घालणं म्हणजे पेरणीच्या दिवशीच शेतात तणनाशक मारणं.

तात्या_वाईकर
हे सगळं शास्त्र ठीक आहे हो, पण तीस वर्षं आमच्या अंगणात हौद आहे. विहिरीचं पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी गप्पी सोडले. एक मेला नाही. आजकाल सगळ्याचाच बाऊ करतात. पोराला मासे हवेत तर द्या आणून.

काठावरचा
तात्या, तुमचा हौद किती लिटरचा? आणि आत शेवाळ होतं का?

तात्या_वाईकर
हजार-बाराशे लिटर असेल. शेवाळ तर होतंच, भिंती हिरव्यागार. तळाला वेलही होती पाणवनस्पतीची.

काठावरचा
मग तुम्ही नकळत सगळं बरोबर केलंत. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नव्हतं, जिवाणू भिंतींच्या शेवाळावर आधीच वसलेले होते, वेल अमोनिया शोषत होती आणि हजार लिटरात बोटभर गप्पी म्हणजे काहीच नाही. ओवींची टाकी कोरी काच आहे. तुमचा हौद घासूनपुसून कोरडा करून, नळाच्या ५० लिटर पाण्यावर चालवला असता, तर गप्पीही टिकले नसते.

तात्या_वाईकर
हे पटलं. आमच्याकडे हौद कधीच घासू देत नसत, वडील ओरडायचे. कारण आज कळलं.

चिमणचारा
क्लोरीनचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझ्याकडे दीड वर्षाची जमलेली टाकी होती. साठ-सत्तर चेरी कोळंब्या (तुमच्या लेकाला हव्यात त्याच लाल), सगळ्या घरात जन्मलेल्या. एका रविवारी नेहमीसारखं एक बादली पाणी बदललं. अर्ध्या तासात सगळ्या वेड्यासारख्या पोहायला लागल्या. कोळंबी एरवी चरत चरत फिरते, उगाच पोहत नाही. मग एकेक आडवी पडत गेली. रात्रीपर्यंत चार उरल्या. खाली जिन्यात चिठ्ठी लावलेली होती : सोसायटीची वरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली आहे, पहिलं पाणी सोडून द्या. मी लिफ्टने ये-जा करते, चिठ्ठी वाचलीच नव्हती.

तेव्हापासून बादली भरली की आधी क्लोरीन काढायचे थेंब टाकते, मगच ते पाणी टाकीत. पावसाळ्यात तर मोजून जास्त, कारण गढूळ पाणी आलं की क्लोरीनचा डोसही वाढवतात. आणि ती बादली फक्त टाकीचीच. फरशीच्या, साबणाच्या बादलीला हात लावायचा नाही.

टेम्सकाठची_माई
चिमणचारा, वाचून फार वाईट वाटलं.

आम्ही लंडनला असतो. इथे एक वेगळी अडचण आहे. पुण्यात आई म्हणायची, पाणी रात्रभर उघडं ठेव, क्लोरीन उडून जातं. साधं क्लोरीन खरंच उडतं. पण काही भागांत पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असतं आणि ते रात्रभर ठेवून जात नाही. थेंबांनी क्लोरामाइन फोडलं की त्यातला अमोनिया मोकळा होतो, म्हणून तोही बांधून ठेवणारं औषध घ्यावं लागतं. परदेशातल्या वाचकांनी आपल्या पाणीकंपनीला एकदा विचारून घ्या. बाकी इथलं पाणी इतकं जड की किटलीत पांढरा थर बसतो. गप्पींना मात्र ते मानवतं.

दगडूशिंपी
क्लोरीन काढायच्या थेंबांत किंवा खड्यांत बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट असतं. आम्ही फोटो धुवायच्या डार्करूममध्ये त्यालाच हायपो म्हणायचो. किलोकिलोने आणत असू.

आणि अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर! कल्हईवाला आठवतो का कोणाला? भांडं तापवून त्यावर नवसागराची पूड टाकायची, भसकन पांढरा धूर, मग कथिल फिरवून कापसाने पुसलं की पातेलं चांदीसारखं. त्या धुराचा वास माझ्या नाकात अजून आहे. ओवी, किराणा-भुसार दुकानात नवसागर स्वस्तात मिळेल.

काठावरचा
दगडूशिंपी, आठवण सुंदर. पण कल्हईचा नवसागर टाकीत नको. तो शुद्ध असेलच असं नाही आणि कोळंबीला तांब्यासारखे धातू अगदी थोडे असले तरी भोवतात. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातून छोटी शुद्ध बाटली घ्या, ती वर्षानुवर्षं पुरते. ते जमलं नाही तर माशांचं खाणं चिमूटभर रोज टाकून सडू द्यायचं, त्यातूनही अमोनिया होतो. फक्त मोजमाप हातात राहत नाही आणि वास येतो.

तांब्यावरून : माशांच्या आणि गोगलगाईंच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. बाटलीमागचं वाचल्याशिवाय कोळंबीच्या टाकीत काही घालू नका. गिझरचं पाणीही नको.

वऱ्हाडी_पाणकावळा
आमच्याकडे नदीतल्या बारक्या कोळंबीले झिंगे म्हणतात. 'झिंग्याची टाकी' म्हटलं की आई हसते.

उन्हाचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. नागपूरले मे महिन्यात बाहेर ४५, घरातली टाकी ३३-३४ वर जाते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. चेरी कोळंबीले ३० च्या वर त्रास सुरू होतो. मी टाकीच्या तोंडावर कॉम्प्युटरचा छोटा पंखा आडवा लावतो. पाण्याची वाफ होते आणि ३-४ अंश उतरतात, माठाचंच तत्त्व. आमच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं. मुंबईच्या दमटात तेवढं नाही चालत. उडालेलं पाणी मात्र रोज भरावं लागते, आणि तेही क्षार नसलेलं, आरओचं. नाहीतर पाणी उडते, क्षार मागं राहतात आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण) चढत जातो.

मृगनक्षत्र
मग पूर्ण टाकीच आरओच्या पाण्याने भरली तर? ते तर सगळ्यात शुद्ध.

चिमणचारा
नको. आरओच्या पाण्यात क्षारच उरत नाहीत. कोळंबी वाढताना कात टाकते, नवं कवच घडवायला तिला कॅल्शियम लागतं. क्षार कमी पडले तर कातीत अडकून मरते, मानेशी पांढरी रेघ दिसते. चेरी कोळंबीला जीएच (पाण्याचा जडपणा) ६ ते ८, केएच (पाण्याचा क्षारपणा) ३-४, टीडीएस १५० ते २५० असं मी ठेवते. आरओच वापरायचं तर क्षारांची पूड मिसळून. मी एक छोटा तुकडा समुद्रफेसाचाही (माकळीच्या पाठीतलं चुन्याचं कवच) टाकते, आजी कानाच्या औषधात वापरायची तोच. आधी तरंगतो, दोन-तीन दिवसांनी बुडतो, आणि कोळंब्या त्याच्यावर बसून असतात.

ओवी_
(दिवस ९) सगळ्यांचे मनापासून आभार. मासे आणले नाहीत. लेक दोन दिवस रुसला होता. मग त्याला म्हटलं, आपण आधी जंतूंचं गाव वसवतोय. आता किटच्या नळीत थेंब मोजून तोच टाकतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौकोनात रंग भरतो : अमोनिया पिवळा-हिरवा, नायट्राइट निळा-जांभळा.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं पांढरं झालं. घाबरून सगळं बदलणार होते, पण इथे जुने धागे वाचून थांबले. सहाव्या दिवशी आपोआप निवळलं. अमोनिया मात्र अजून २ च आहे, ढिम्म हलत नाही.

काठावरचा
दूध होणं नेहमीचं आहे, ते वेगळे जिवाणू. थांबलात ते उत्तम केलंत. तुम्ही कोथरूडच्या बाजूला असाल तर माझ्या तीन वर्षं जुन्या टाकीतला एक स्पंज घेऊन जा. त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, पिशवीत, तासाभरात घरी नेऊन तुमच्या टाकीत पिळायचा. मातकट तपकिरी पाणी निघेल. दिसायला घाण, पण ते विरजण आहे.

गोदातीर
विरजण हा शब्द अगदी नेमका.

ओवी, फिल्टर कोणता आहे? कोळंबी ठेवायची तर हवेच्या पंपावरचा स्पंज फिल्टर घ्या. बाकीच्या फिल्टरात पिल्लं ओढली जातात. आमच्या नाशिकच्या गावाकडे वीज चार-चार तास जाते, म्हणून मी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जोडून ठेवला आहे. फिल्टर बराच वेळ बंद राहिला तर आतल्या जिवाणूंचाही श्वास कोंडतो.

आणि घरात लहान मूल आहे म्हणून : पंपाची आणि हीटरची वायर प्लगकडे जाण्याआधी प्लगच्या खाली लोंबून मग वर जाऊ दे. म्हणजे ओघळलेलं पाणी खालच्या वळणावरून गळेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. टाकीत हात घालण्याआधी बटण बंद. भरलेली टाकी ७५-८० किलोच्या घरात जाते, तिला नाजूक टीपॉय चालत नाही. खाली थर्माकोलचा तक्ता आहे ना?

ओवी_
थर्माकोल आहे, लोखंडी स्टँड आहे. वायर तशी नव्हती, आत्ता उठून केली. काठावरचा, स्पंजसाठी शनिवारी येते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

सह्याद्रीवाला
एक आडवा मुद्दा. वाळू नदीतून आणू नका, आणि ओढ्यातले मासे-झिंगेही नको. दुकानातलं जाड वाळूसारखं बेसॉल्ट चालतं. बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं, साबण नाही. खडे कोणते कळत नसेल तर दोन थेंब व्हिनेगर टाका, फसफसलं तर चुनखडी आहे, त्याने पाणी जड होत राहतं.

आणि उद्या कंटाळा आला तर टाकीतलं काहीही नदी-तलावात सोडू नका. काच साफ करतो म्हणून विकतात तो सकर मासा आज उजनीच्या जाळ्यांत येतो. तो खात नाहीत, विकला जात नाही, आणि काट्यांनी जाळी फाडतो. कोणीतरी 'जीव वाचवला' म्हणून सोडलेला असणार. मासेमारीवर पोट असलेल्यांना तो जीव महागात पडतो.

तात्या_वाईकर
सह्याद्रीवाल्याला शंभर टक्के अनुमोदन.

ओवी_
(दिवस २३) अडकले आहे. स्पंज पिळल्यावर चमत्कार झाला होता, आठवड्यात अमोनिया शून्यावर येऊ लागला, नायट्राइट गडद जांभळं. पण गेले पाच दिवस सगळं ठप्प. अमोनिया १ वर, नायट्राइट जांभळंच. लेक विचारतो, "गाव झोपलं का?"

काठावरचा
पीएच आणि केएच किती आहे?

ओवी_
पीएच किटवर सगळ्यात खालचा रंग, ६. केएचचे थेंब पहिल्याच थेंबाला रंग बदलतात.

काठावरचा
सापडलं. आपलं धरणाचं पाणी मुळात मऊ. हे जिवाणू काम करताना पाण्यातला क्षारपणा खातात. तो संपला की पीएच कोसळतो आणि ६ च्या आसपास त्यांचं काम जवळपास थांबतं. साधा खायचा सोडा घ्या. ५० लिटरला साधारण दीड ग्रॅमने केएच एक अंश वाढतो. आज साडेचार ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून. आत मासे नाहीत म्हणून एकदम चालेल, मासे असते तर थोडं थोडं करावं लागलं असतं. कारण पीएच वाढला की आहे तोच अमोनिया जास्त विषारी होतो. ७ चा ८ झाला तर विषारी भाग जवळजवळ दहापट.

ओवी_
(दिवस २५) गाव जागं झालं!! आज अमोनिया शून्य.

(दिवस ३६) काल रात्री ९ ला २ पीपीएम घातलं, आज रात्री ९ ला दोन्ही शून्य. लेकाने कॅलेंडरवर मोठा तारा काढला. आता मासे कोणते? त्याला अजून गोल्डफिशच हवेत.

गोदातीर
अभिनंदन! गोल्डफिश या टाकीत नको. तो हातभर नाही तरी वीतभर होतो, घाण भरपूर करतो आणि कोळंबी गिळतो. एंजल मासाही नको. एम्बर टेट्रा सहा-सात घ्या, इवले, केशरी, घोळक्याने फिरतात. आणण्याआधी ७० टक्के पाणी बदला, साठलेलं नायट्रेट जाईल.

चिमणचारा
कोळंब्या मात्र अजून महिनाभर नको. टाकी 'तयार' असली तरी जुनी झालेली नाही. काचेवर आधी तपकिरी थर येईल, मग हिरवा. ते कोळंबीचं कुरण, त्यावर ती दिवसभर चरते. नव्या टाकीत ती हळूहळू उपाशी राहते. झाडं आणलीत तर आधी आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा, पाणी बदलत. कधी कधी त्यांच्यावर कीटकनाशक असतं, माशांवर परिणाम दिसत नाही पण कोळंबी जाते. त्याच कारणाने टाकीच्या खोलीत डासांचं मशीन, स्प्रे, पेस्ट कंट्रोल बंद.

आणताना पिशवी उलटी करायची नाही. सलाईनची नळी औषधाच्या दुकानात मिळते, तिच्या चाकाने सेकंदाला दोन थेंब ठेवा आणि दीड-दोन तासांत टाकीचं पाणी भांड्यात मिसळू द्या. मग जाळीने कोळंब्या आत, दुकानाचं पाणी मोरीत.

ओवी_
(दिवस ७९) बरेच दिवसांनी. सहा टेट्रा ४० व्या दिवशी आले, सहाही छान आहेत. परवा दहा चेरी कोळंब्या आणल्या. नळी लावून दोन तास आम्ही दोघं जमिनीवर बसून थेंब पाहत होतो. आत सोडल्यावर पाच मिनिटं सगळ्या दडून, मग एक बाहेर आली आणि पुढच्या चिमुकल्या हातांनी जावा फर्न या पाणवनस्पतीचं पान पुसायला लागली. हात तोंडात, हात पानावर, हात तोंडात.

पण आज सकाळी लेक रडत आला. कोपऱ्यात एक पडली आहे, पारदर्शक, पांढरट, हलत नाही. मोजल्या तर नऊच दिसतात. अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आहेत. काय चुकलं?

चिमणचारा
ओवी, रडू नका. पाठीवर, डोकं आणि शेपटी यांच्या सांध्यात फट आहे का? आतून पोकळ दिसते का? फोटो टाका.

ओवी_
हो! फट आहे. आतून रिकामी. डोळ्यांच्या जागीही नुसतं काचेसारखं कवच.

चिमणचारा
ती कात आहे. कोळंबी जिवंत आहे, अंग मऊ असेपर्यंत एक-दोन दिवस लपून बसेल. शोधायला झाडं हलवू नका. आणि कात काढू नका, बाकीच्या खातील.

ओवी_
फिल्टरच्या मागे सापडली. दहा.